दुखावलेल्या मनाची राखण

करंजा बंदरावर कोळी बांधव जाळीं सांधीत बसलेले आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. फाटकें जाळें तसेंच गुंडाळून कोणी होडींत टाकीत नाहीं. तें प्रथम पसरतात, हातांतून सरकवीत भोंक कोठें व केवढें आहे हें पाहतात, आणि मगच सुई हातीं घेतात. आपल्या मनाविषयीं मात्र आपण ह्याच्या उलट वागतों. भाऊ बांधावरून वाटेल तें बोलला, शेजारणीनें पाणवठ्यावर आईबाप काढले, मंडळींतील वडील माणसानें चारचौघांत अपमान केला, कीं आपण एक तर संतापतों, नाहीं तर "मीं क्षमा केली" असें म्हणून फाटकें मन तसेंच गुंडाळून ठेवितों. रविवारीं प्रभुभोजन असलें म्हणजे तर ही घाई फारच होते. आणि ती करविण्यांत आम्ही पाळक व उपदेशक कमी दोषी नाहीं.

मला कांहीं लागलेंच नाहीं असें म्हणणें ही क्षमा काय? मिसर देशांत योसेफानें आपल्या भावांस ओळखिलें, तेव्हां तो त्यांच्यापासून बाजूला होऊन रडला. पुढें ओळख देतांना, तुम्हीं मला विकलें हें त्यानें स्पष्ट बोलून दाखविलें. त्यानें सूड घेतला नाहीं, पण कृत्यावर पांघरूणहि घातलें नाहीं.

लागलेला शब्द रात्रीं अंथरुणावर पुन्हां पुन्हां मनांत येतो. त्याला हांकलूं गेलें तर तो बळावतो. त्याच्याशीं वाद घालीत बसलें तर उलट उत्तरें रचण्यांत पहांट होते. अशा वेळीं उठून बसावें, श्वास शांत होईपर्यंत थांबावें, आणि देवासमोर खरें तेंच म्हणावें: प्रभो, मला अमक्याचा राग आला आहे, मला येथें लागलें आहे. भाताच्या शेताचा राखणदार पांखरांचें येणें बंद करूं शकत नाहीं. तीं बसलेलीं त्याला वेळेवर दिसलीं पाहिजेत, एवढेंच. जो झोंपला, त्याचें पीक गेलें.

अशा जाग्या मनाचें एक उदाहरण आपल्याच मराठी मंडळींत आहे. १८९५ च्या फेब्रुवारींत नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्यावर जणूं आकाश कोसळलें, आणि पुढें कित्येक वर्षें तीं दोघें वेगळीं राहिलीं. १९०० सालीं लक्ष्मीबाईंनींहि बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ त वारले, व बाईंच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ त निघाला. त्यांत त्या वियोगाचें दुःख आहे, टिळकांचा तापटपणा आहे, स्वतःचें रडणें आहे. तरी वाचतांना हंसूं येतें, आणि टिळकांविषयीं प्रेमच वाटतें. जवळजवळ चाळीस वर्षांमागील गोष्ट बाई विसरल्या नव्हत्या. विसरल्या असत्या तर लिहिती कोण? आठवण राहिली, तिच्यांतलें विष मात्र गेलें होतें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बहिणीला कोणी "क्षमा कर आणि गप्प राहा" असें सांगत असेल, तर त्यानें मत्तयाचा अठरावा अध्याय पुरा वाचावा. सत्तर वेळां सात हें उत्तर पेत्राला मिळालें खरें. पण त्याच्या आधीं त्याच अध्यायांत, अपराध्याला एकांतांत त्याचा दोष दाखवावा, न ऐकल्यास एकदोन साक्षी न्यावे, तरीहि न ऐकल्यास मंडळीला कळवावें, असें प्रभूनें सांगितलें आहे. अन्याय थांबविण्यासाठीं पंचांकडे किंवा पोलिसांकडे जाणाऱ्या मनुष्यानें क्षमा केली नाहीं, असें कोणीं ठरविलें?

आणि एकदां केलेली क्षमा पुन्हां करावी लागली, तर ती पहिली खोटी होती असें समजून खचूं नये. याकोब मिसरांत १७ वर्षें राहून वारला, तेव्हां त्याच भावांना पुन्हां भय पडलें कीं, आतां बाप नाहीं, योसेफ सूड घेईल. त्यांनीं क्षमेसाठीं निरोप धाडिला. तो ऐकून योसेफ पुन्हां रडला, आणि त्यानें त्यांना दुसऱ्यांदा धीर दिला.