नवस, उचल आणि मूल

मुलाच्या श्रमावर हक्क कोणाचा, हा प्रश्न बालमजुरीविरोधी आंतरराष्ट्रीय करारांच्या मुळाशी आहे. तुळजापूर परिसरात तो दोन ठिकाणी उभा राहतो: देवीच्या दारात आणि उसाच्या फडात.

तुळजाभवानीला नवस बोलतात आईबाप. फेडताना मूलही त्यात येते. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी आणि मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा, एवढा तो कुळाचार आहे. त्यावर कोणाचे पोट चालत नाही, शाळा बुडत नाही. मात्र परडीतल्या पीठमिठावर घर चालू लागले, की माळ तीच राहते आणि काम बदलते. मुलाला भीक मागायला लावणे २०१५ च्या बालन्याय कायद्याने गुन्हा आहे, आणि देवीचे नाव घेतल्याने तो माफ होत नाही.

दसरा-दिवाळी उरकली की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतात नवराबायको. या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. मूल त्या हिशेबात कुठेच नसते. तरीही वाढे गोळा करणे, मोळी बांधायला हात लावणे, कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळणे त्याच्याच वाट्याला येते. हंगामभर शाळा सुटते, ती कित्येकदा कायमची. नवस असो वा उचल, शब्द देतो एक आणि फेडतो दुसरा.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मध्ये, स्थापनेच्याच वर्षी, कारखान्यांतील कामासाठी चौदा वर्षांची किमान मर्यादा सुचवली. १९७३ च्या १३८ क्रमांकाच्या कराराने किमान वयाची सांगड सक्तीच्या शिक्षणाशी घातली. हलक्या कामाला त्यातही वाव आहे. १९९९ चा १८२ क्रमांकाचा करार कर्जापोटीची वेठ आणि आरोग्याला घातक कामे तातडीने बंद करायला सांगतो. भारताने दोन्हींना १३ जून २०१७ रोजी मान्यता दिली. आईबापांच्या शब्दाने मुलाचे शरीर गहाण पडत नाही, हे या करारांमागचे तत्त्व.

हे तत्त्व पाश्चात्त्य आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्याला पितृऋणाचा आधार देतात: जन्म दिला, तेव्हा मुलाने हातभार लावायचाच. पण त्याच परंपरेतली आश्रमव्यवस्था आयुष्याचा पहिला भाग विद्येसाठी राखते आणि अर्थार्जन गृहस्थाश्रमावर सोपवते. तिचा दोष निराळा: हे बालपण तिने मोजक्याच वर्णांना दिले. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, ती नेमक्या या जागी बोट ठेवणारी होती. आंतरराष्ट्रीय करारांनी आणलेली नवलाई असेल तर ती ‘प्रत्येक’ मुलाची आहे.

भारतीय कायदा मात्र इथे अडखळतो. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत बंदी केली, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाच्या, धोकादायक नसलेल्या उद्योगात मदत करण्याची सूट ठेवली. संबळ-तुणतुणे वडिलांकडून शिकणाऱ्या गोंधळ्याच्या मुलासाठी ती न्याय्य आहे. ऊसतोडीत मालक कुटुंब नसते, कारखाना आणि मुकादम असतात. तिथल्या मुलाच्या कामाला ‘घरची मदत’ म्हणणे ही निव्वळ पळवाट आहे.

जगाने बालमजुरी संपवण्यासाठी २०२५ हे वर्ष ठरवले होते. २०२४ मध्ये जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुले बालमजुरीत होती, आणि त्यांतली बहुसंख्य शेतीत.