प्लेट झिजते ती मधल्या वेळात

खोपोलीहून जुन्या रस्त्याने घाट चढताना शिंगरोबाच्या देवळाच्या आसपास कधीतरी रांग लागतेच. पुढे लोखंडाने भरलेला ट्रेलर, मागे एसटी. अशा वेळी बहुतेक चालकांचा डावा पाय पेडल पूर्ण दाबतही नाही आणि पूर्ण सोडतही नाही. गाडी चढावर आहे तिथेच तोलून धरलेली असते. याला सगळे हाफ क्लच म्हणतात आणि तो जमला की गाडी हातात आली असं मानतात. क्लच झिजतो तो नेमका एवढ्याच वेळात.

पेडल पूर्ण सोडलेलं असतं तेव्हा क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घट्ट दाबलेली असते. तिघी एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे घासण्याचा प्रश्नच येत नाही. पेडल पूर्ण दाबलं की प्लेट मोकळी होते आणि तेव्हाही ती घासत नाही. त्या वेळी भार येतो तो रिलीज बेअरिंगवर, आणि ती गोष्ट वेगळी. या दोन अवस्थांच्या मधे, एक बाजू जोरात फिरतेय आणि दुसरी हळू, अशा वेळीच प्लेटीचं अस्तर जातं. म्हणून ‘प्लेट किती किलोमीटर चालते?’ या प्रश्नाला खरं उत्तर नाही. खालापूरच्या टोलनाक्यापासून पनवेलपर्यंत पाचव्या गिअरमध्ये गेलेल्या गाडीची प्लेट त्या वाटेवर जवळजवळ झिजलेलीच नसते. नेरळ ते दस्तुरी हे अंतर त्यापेक्षा कितीतरी कमी, पण प्रत्येक वळणावर थांबत चढलं तर प्लेटीला तेच महागात पडतं.

मग हा घासणारा सांधा मुळात ठेवलाच कशाला? याचं उत्तर कर्जत स्टेशनावर उभं असतं. पुण्याकडे निघालेल्या गाडीला इथे मागून बँकर इंजिनं जोडतात, कारण पुढे ३७ला १ असा चढ आहे. बोरघाटाची ही लाइन १८६३ साली सुरू झाली. तेव्हाच्या वाफेच्या इंजिनालाही क्लच नव्हता आणि आजच्या विजेच्या इंजिनालाही नाही. वाफ उभ्या चाकालाही रेटते. विजेची मोटर थांबलेली असतानाच सर्वांत जोर लावू शकते. आपल्या डिझेल किंवा पेट्रोल इंजिनाला हे जमत नाही. ते मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली आलं की बंद पडतं. चाकं उभी आहेत आणि इंजिन मात्र थांबू शकत नाही. या दोघांची गाठ घालून देताना जो फरक उरतो, तो प्लेट स्वतःच्या अंगावर घेते. तो उष्णता होऊन बाहेर पडतो.

ही उष्णता किती असते? माणसांसकट तेराशे किलोची गाडी, दहाला एक असा चढ, इंजिन १५०० फेऱ्यांवर, आणि गाडी ब्रेकऐवजी हाफ क्लचवर धरलेली. हिशेब केला तर साधारण साडेचार किलोवॉट येतात. म्हणजे आंघोळीचे दोन गीझर, आणि तेही ताटाएवढ्या चकतीवर. त्यात पाणी नाही, वाहता वारा नाही. तो जळका वास का येतो, हे एवढ्यावरून कळावं.

आता टर्बोकडे येतो, कारण आमची गाडी २००९ची डिझेल स्विफ्ट. हिचा सर्वांत जास्त टॉर्क १९० न्यूटन मीटर, आणि तो मिळतो २००० फेऱ्यांना. टर्बोची चक्की फिरते धुराच्या जोरावर. फेऱ्या कमी असल्या की धूर कमी, हवेचा दाब कमी आणि गाडी जड वाटते. चढावर गाडी उचलत नाही म्हटल्यावर चालक ॲक्सिलरेटर वाढवतो, आणि गाडी उडी मारू नये म्हणून क्लच थोडा धरून ठेवतो. टर्बोची वाट पाहण्याचा हा वेळ प्लेटीच्या खात्यावर पडतो. प्लेट शेवटाला आली की तोच टर्बो तिचं बिंगही फोडतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये २००० फेऱ्यांच्या आसपास जोर आला की काटा वर पळतो आणि गाडी मात्र तेवढी पळत नाही. पळसदरीच्या रस्त्यावर आमचं हेच झालं.

भाताची झोडणी उरकून शेड रिकामी झाली, तेव्हा मी आणि पुतण्याने गाडी आत घेतली. गॅरेजात दिवसभरात उरकणारं काम आम्हाला दोन दिवस पुरलं. मागच्या चाकांना दगड, पुढे दोन्ही बाजूंना स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, हे त्याला मी तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदाही सांगेन. बॅटरी काढली, गिअर ऑइल उतरवलं, मग दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, गिअरच्या केबली, स्टार्टर. गिअरबॉक्सचं माउंटिंग सोडण्याआधी बॉनेटच्या जागेवर आडवा सागवानी वासा टाकून इंजिन साखळीने वर टांगून घेतलं, नाहीतर ते एका बाजूला झुकतं. गिअरबॉक्स दोघांनी मिळून खाली घेतला. ते वजन एकट्याने छातीवर घ्यायचं नाही.

प्लेट हातात आली तेव्हा तिच्या अस्तरातल्या खाचा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. रिव्हेटची डोकी अस्तराच्या पातळीला आली होती. आणखी थोडे दिवस काढले असते, तर त्यांनी फ्लायव्हीलवर चरे पाडले असते. फ्लायव्हीलवर नखाएवढे निळसर डाग होते. लोखंड तापून गार झालं की असा रंग धरतं. पुतण्या त्या डागांवर बोट फिरवत राहिला आणि म्हणाला, “काका, हे दस्तुरीचे.” असतीलही. जुन्या प्लेटीच्या भुकटीवर हवा मारायची नाही, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसली. इंजिनाचं मागचं ऑइल सील पाझरत नाही ना, हे नीट पाहिलं, कारण नव्या अस्तरावर तेलाचा एक थेंबही नको.

नवी प्लेट बसवताना ती बरोबर मध्यावर धरावी लागते. तिच्या मधल्या भोकाएवढ्या जाडीच्या एका दांड्यावर ती तोलली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, फिरून फिरून आवळले. तरी गिअरबॉक्स शेवटच्या इंचाला अडला. इथे बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह होतो, आणि त्यात प्लेटीचा मधला भाग वाकतो. मी पान्याने इंजिन हाताने थोडं फिरवलं. पुतण्याने गिअरबॉक्स किंचित उचलून धरला. शाफ्टचे दाते प्लेटीच्या दात्यांत आले आणि तो आपसूक सरकून टेकला.

पहिले काही शे किलोमीटर भार न टाकता, सपाट रस्त्यावर कडाव-कशेळ्याकडे फिरवले. त्यानंतर घाट. देवळाच्या अलीकडे रांग लागलेलीच होती. गाडी पुतण्या चालवत होता. त्याने हँडब्रेक ओढला, गिअर काढला आणि डावा पाय पेडलवरून उचलून खाली टेकवला. ट्रेलर हलेपर्यंत तो पाय तिथेच होता.