कल्पित राज्याची शीव आणि रूढीची किंमत

मराठी कादंबरीच्या इतिहासलेखनात अद्भुतरम्य कादंबरीचा विचार बहुधा ओलांडून जाण्याचा एक टप्पा म्हणूनच झालेला आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कृतींतील राजे, राजकन्या, कपटी प्रधान आणि दुर्गम अरण्ये यांच्या असंभाव्यतेवर काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ या लेखनात बोट ठेवले. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ यांपासून तीन प्रवृत्ती दाखविल्या. त्यांत ‘मुक्तामाले’च्या वाट्याला रंजनाची प्रवृत्ती आली. या दोन्ही भूमिकांमागे एक समान गृहीत आहे. कल्पित राज्य म्हणजे वास्तवापासून घेतलेली फारकत आणि फारकत म्हणजे नैतिक उणीव, हे ते गृहीत होय. ते तपासून पाहणे आवश्यक आहे.

या तपासणीला खुद्द रिसबुडांची प्रस्तावनाच वाट करून देते. आपल्या लोकांतील विवाहाच्या व इतर चालीरीतींमुळे हिंदूंच्या नित्य जीवनात चित्तवेधक असे गुणही आढळत नाहीत आणि दुर्गुणही. तेव्हा रोजचेच लिहिले तर त्यात मन गुंतणार नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. वरवर पाहता ही लेखकाची अडचण आहे. वस्तुतः ते समाजाविषयीचे विधान आहे. जेथे मुलीचे लग्न ती जाणती होण्यापूर्वीच उरकते, तेथे निवड नाही. आणि निवड नाही तेथे कथानकही नाही. रूढीने माणसाच्या कृतीचा अवकाश इतका आक्रसून टाकला आहे, की कादंबरीला उभे राहण्यासाठी दुसरे राज्य वसवावे लागते.

यावरून कल्पित राज्याची शीव कोठे आखली जाते, हे स्पष्ट होते. ती नकाशावर आखली जात नाही. प्रत्यक्ष रूढीचा निषेध जेथे सुरू होतो, तेथे ती आखली जाते. शिवेच्या आत उपवर राजकन्या आहे, तिला प्रेम करण्याइतके वय आणि एकांत आहे. त्या राज्यात स्वकीय राजा आहे. १८५८ नंतरची कंपनीविना इंग्रजी सत्ता तेथे दिसत नाही. म्हणजे या राज्यातील चालीरीती या लेखकाच्या समाजाच्या उलट्या ठशासारख्या आहेत. जे वगळले गेले, त्याच्या आकारावरून जे होते ते ओळखता येते. या अर्थाने अद्भुतरम्य कादंबरी वास्तवाला पाठमोरी असली, तरी त्याविषयी मूक नाही.

तथापि एवढ्याने तिची नैतिक बाजू सावरली जात नाही. खरा आक्षेप असंभाव्यतेचा नाहीच. या राज्यात स्वातंत्र्य मिळते ते जन्माने आणि विनामूल्य. हा खरा आक्षेप होय. संकटे येतात ती दुष्ट प्रधानाकडून, क्वचित निसर्गाकडून. रूढीकडून ती येत नाहीत. खलपुरुषाचा नाश झाला की सारे पूर्ववत होते. वाईटपणा एका व्यक्तीत साठवून ठेवल्यामुळे व्यवस्था निर्दोष ठरते. वाचकाला मोकळीक अनुभवता येते. पण ती कोणाच्या विरोधात मिळवावी लागते, याचा बोध होत नाही.

ही किंमत कशी असते, हे पाहण्यासाठी कल्पित राज्याची शीव ओलांडून एका खऱ्या गावाच्या शिवेवर यावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड हे दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. तेथील धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्येच मिळाली होती. सदतीस वर्षे लोटली होती, तरी मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार टाकला आणि त्याची झळ त्यांच्या घरच्यांनाही पोचली. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५) आणि गोदूबाईंचे, म्हणजे आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) ही दोन आत्मकथने एकत्र वाचली, तर सरकारी कायद्याची हद्द आणि रूढीची हद्द या किती भिन्न होत्या, हे ध्यानात येते. येथे खलपुरुष कोणीच नाही. शेजारी, आप्त, भटजी अशी ओळखीची माणसेच शिवेवर उभी आहेत आणि त्यांतील बहुतेकांना आपण धर्माचे रक्षण करीत आहोत, असेच वाटते.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली, तेव्हा मराठी कादंबरीत रूढीची किंमत प्रथमच एवढ्या तपशिलाने मोजली गेली. ज्या नित्य जीवनात रिसबुडांना काहीच चित्तवेधक दिसले नाही, त्याच जीवनातून ही कादंबरी निर्माण झाली. या परिवर्तनाचे वर्णन ‘अद्भुताकडून वास्तवाकडे’ असे करण्याची प्रथा आहे. ते अपुरे आहे. आपट्यांनी केवळ तपशील खरे केले नाहीत. निवड नाकारली जाणे हीच घटना आहे आणि तिचेच कथानक होऊ शकते, हे त्यांनी ओळखले. रिसबुडांची अडचण त्यांनी कादंबरीचा विषय बनविली.

म्हणून कल्पित राज्याला विचारावयाचा प्रश्न ‘असे कोठे असते काय?’ हा नव्हे. तेथील रीत मोडणाऱ्याला काय भोगावे लागते आणि शिवेबाहेर कोणाला काढले जाते, हा होय. ज्या राज्यात याचे उत्तर मिळते, ते पूर्णतः काल्पनिक असूनही नीतिदृष्ट्या खरे असू शकते. आणि ज्या कृतीत ते मिळत नाही, ती आपल्या परिचित गल्लीत घडत असली, तरी तिचा वास्तववाद तपशिलापुरताच राहतो. ‘मंजुघोषे’ची प्रस्तावना म्हणूनच त्या कादंबरीहून अधिक टिकाऊ ठरली आहे: दुसरे राज्य का वसवावे लागले, याचे कारण तीत प्रामाणिकपणे नोंदविलेले आहे.