चेहऱ्याची साक्ष

नोकरीच्या शोधात निघालेला तरुण पूर्वी हाताने अर्ज लिहीत असे, प्रमाणपत्रांच्या प्रती जोडीत असे आणि मुलाखतीच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून साहेबांपुढे उभा राही. त्याचा चेहरा सर्वांत शेवटी दिसे. आज हा क्रम उलटला आहे. २००३ साली सुरू झालेल्या लिंक्डइनसारख्या व्यावसायिक संकेतस्थळांवर शिक्षण आणि अनुभव वाचण्यापूर्वी नजर जाते ती फोटोवर. त्यामुळे आपल्या घरांतील मुलामुलींपुढे प्रश्न उभा राहतो : कोणता फोटो लावावा? वरवर पाहता हा केवळ सोयीचा प्रश्न वाटतो. पण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे : आहे त्याहून चांगले दिसण्याचा मला कितपत अधिकार आहे?

येथे दोन भाषांतील दोन शब्द विचार करण्याजोगे आहेत. ‘व्यक्ती’ या अर्थी युरोपीय भाषांत रूढ झालेला शब्द लॅटिनमधील ‘पेर्सोना’पासून आला. त्याचा एक जुना अर्थ आहे नटाचा मुखवटा. आपला ‘व्यक्ती’ हा शब्द मात्र व्यक्त होणे, प्रकट होणे या अर्थाचा आहे. एक शब्द झाकण्यापासून निघाला, दुसरा उघड होण्यापासून. संकेतस्थळावरील फोटो निवडताना माणूस नेमका या दोहोंच्या मध्ये उभा असतो.

काहींना वाटते, गुण अंगी असले म्हणजे झाले, फोटो कसाही चालेल. मग लग्नातील समूहचित्रातून स्वतःचा चेहरा कापून घेतला जातो आणि खांद्यावर कुणा नातलगाचा अर्धा हात तसाच राहतो. अशा निष्काळजीपणाला साधेपणा म्हणता येणार नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण अंगण झाडतो, त्यात ढोंग नसते, येणाऱ्याचा मान असतो. तसेच हेही आहे. चेहऱ्यावर समोरून उजेड, मागे साधी भिंत, आपल्या कामाला शोभेल असा पोशाख, समोर पाहणारी नजर आणि अलीकडच्या काळातील फोटो, एवढे पुरते. अनोळखी माणसाशी बोलताना आपण शब्द जपून वापरतो, तोच हा शिष्टाचार होय.

दुसरे टोक अधिक घातक आहे. आज यंत्राच्या साहाय्याने रंग उजळतो, हनुवटी रेखीव होते, टकलावर केस येतात, एवढेच काय, कधीही न घातलेला कोटसुद्धा अंगावर चढतो. येथे मर्यादा कोठे आखावी? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी प्रसाधनाच्या संदर्भात एक सूक्ष्म भेद केला होता. आपल्यापाशी नसलेल्या सौंदर्याचा आभास निर्माण करणे वेगळे, आणि आजारपण वा तत्सम कारणाने आलेली कुरूपता झाकणे वेगळे. यांतील दुसरी गोष्ट त्यांनी सशास्त्र मानली. हा भेद आजही उपयोगी पडतो. चार दिवसांची पुटकुळी किंवा रात्रपाळीने डोळ्यांखाली आलेली काळी वर्तुळे पुसली, तर कुणाची फसवणूक होत नाही, कारण ती जाणारच आहेत. पण पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो आजचा म्हणून लावणे किंवा चेहऱ्याची ठेवणच बदलणे ही गोष्ट वेगळी. तो फोटो ‘हा मी’ असे विधान करतो, आणि ते विधान खरे नसते. कसोटी सोपी आहे : मुलाखत घेणाऱ्याने दार उघडताच आपल्याला ओळखावे.

एका तरुणीने मला विचारले, “फादर, रंग थोडा उजळ केला तर ते पाप होईल का?” या प्रश्नामागे हौस नव्हती, भीती होती. सावळ्या मुलीला आपल्या समाजात लहानपणापासून काय ऐकावे लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाच्या नावातील ‘फेअर’ शब्द २०२० साली गळला, पण आपल्या नजरेतून तो अजून गेलेला नाही. मी तिला म्हटले, “बाळ, यात तू इतरांना फसविशील त्याहून अधिक स्वतःचे नुकसान करशील. ज्यांनी तुझा रंग कमी लेखला, त्यांचा निवाडा तू स्वतःच्या हाताने मान्य करशील.” मात्र या असत्याचा सगळा भार तिच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. तिला त्या वाटेवर ढकलणारे पाहणारे डोळेही त्यात वाटेकरी आहेत.

म्हणून पाहणाऱ्याचे कर्तव्यही सांगितले पाहिजे. विलिस आणि तोदोरोव या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की अनोळखी चेहरा सेकंदाचा केवळ दहावा भाग दिसला तरी माणसे त्याच्या विश्वासार्हतेविषयी आणि योग्यतेविषयी मत बनवितात. अधिक वेळ दिल्याने मत फारसे बदलत नव्हते, त्या मताविषयीची खात्री मात्र वाढत होती.

ही घाई नवी नाही. अठराव्या शतकात झुरिकचे धर्मोपदेशक लाव्हाटर यांनी चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचे एक शास्त्रच मांडले होते. १८३१ साली ‘बीगल’ जहाजाचा कप्तान फिट्झरॉय सफरीसाठी निसर्गअभ्यासक शोधत होता. त्याच्यापुढे बावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन आला. कप्तान लाव्हाटरचा अनुयायी. असे नाक असलेल्या माणसात लांबच्या प्रवासाला लागणारी चिकाटी असेल काय, अशी त्याला शंका आली आणि नकार थोडक्यात टळला. डार्विनने स्वतःच ही हकिकत आत्मचरित्रात नोंदविली आहे. जवळजवळ पाच वर्षांचा तो प्रवास त्याने पुरा केला आणि त्यातील निरीक्षणांनी जीवशास्त्राची दिशा बदलली. एका नाकापायी किती गमावले गेले असते! आणि ज्यांचा नकार टळला नाही, अशांची नोंद कोणत्या पुस्तकात सापडणार?

आपल्यापैकी अनेकजण आज कार्यालयांत, शाळांत, बँकांत माणसे निवडण्याच्या जागी आहेत. त्यांनी आधी वाचावे, मग पाहावे. नाव, रंग, वय, चेहरा यांवरून पहिल्या क्षणी उमटलेले मत थोडा वेळ बाजूला ठेवावे. आणि जे निवडले जाण्याची वाट पाहत आहेत, त्यांनी स्वच्छ आणि प्रसन्न, पण आपलाच चेहरा पुढे करावा. उसन्या चेहऱ्याने मिळालेली नोकरी रोज त्या चेहऱ्याचे व्याज मागते. आपल्या चेहऱ्याने मिळालेल्या नोकरीत फक्त काम करावे लागते.