उभं की आडवं?

मॅट्रिक्सशी माझा संबंध बारावीला आला, तोही गणिताच्या पेपरापुरता. आमच्या आजोबांचा संबंध मॅट्रिकशी आला, तो तीनदा आला. हे दोन्ही शब्द नात्यातले आहेत हे मला अलीकडेच कळलं. लॅटिनमध्ये नावं नोंदवायच्या वहीला ‘मॅट्रिक्युला’ म्हणत, आणि ते मॅट्रिक्सचंच धाकटं रूप. गणितात हा शब्द सिल्व्हेस्टर नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८५० साली आणला. यादीत नाव असणं वेगळं आणि यादीत आपली जागा कुठं, हे वेगळं. आजोबांची अडचण पहिली होती. माझ्यावर प्रसंग आला तो दुसऱ्याचा.

आमची शाखा कळमन्याला, मार्केट यार्डाच्या जवळ. संत्र्याचे टेम्पो आणि मिरचीचा ठसका यांतून वाट काढत ग्राहक आमच्यापर्यंत पोचतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांत आधीच पाणी असतं. बाकीचं आम्ही काढतो. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्याला येतात. २०१४ पासून अंगठा टेकवून जिवंत असल्याचं सिद्ध करायची सोय झाली आहे. पण जन्मभर काम करून ज्यांच्या अंगठ्याच्या रेषाच झिजल्या, त्यांना यंत्र चटकन जिवंत मानत नाही.

तर गेल्या खेपेला एका दिवशी साठ जण आले. शिपायानं आल्या क्रमानं नावं लिहून घेतली : एकाखाली एक, साठ नावांचा एकच उभा रकाना. टेबलं पाच. साहेब म्हणाले, “तुम्ही कॉमर्सवाले, करा वाटणी.” मी हे काम नव्यानं लागलेल्या इंजिनियर ऑफिसरकडे सरकवलं. त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर ‘आर’ नावाच्या संगणकभाषेत एक ओळ लिहिली आणि रकान्याचा तक्ता झाला. बारा ओळी, पाच रकाने. मी बँकेच्या संस्कारांप्रमाणे टोटल मारली. साठ. नाव कुणाचं गळलं नाही, दोनदा आलं नाही. टोटल जुळली की आमच्या धर्मात पाप उरत नाही. तक्ता भिंतीवर लागला.

अर्ध्या तासानं एक मावशी माझ्यापुढं उभ्या.

“बाबू, माहं नाव कापलं का?”

“नाही मावशी. हे काय, टेबल नंबर एक, शेवटचं नाव.”

“मंग माहा बारावा नंबर कुठी गेला? मी सकाळी सातले आली. तो चष्मेवाला चहा पिऊन दहाले आला न् पयलाच निंगून गेला!”

चष्मेवाले काकाजी एकोणपन्नासावे. मी तक्ता पाहिला आणि घाम फुटला. यंत्रानं रकाने वरून खाली भरले होते. पहिले बारा जण पहिल्या टेबलाला, तेरावा दुसऱ्या टेबलाच्या डोक्यावर, पंचविसावा तिसऱ्याच्या, एकोणपन्नासावा पाचव्याच्या. एकेका अंगठ्याला पाच मिनिटं धरली तर काकाजी आल्याबरोबर बसले, आणि मावशींच्या पुढं पंचावन्न मिनिटं! हेच आडवं भरलं असतं, एकेक नाव एकेका टेबलाला, तर मावशी तिसऱ्या ओळीत आल्या असत्या. पंधरा मिनिटांत मोकळ्या.

“पण मावशी, टोटल बरोबर साठ आहे,” मी म्हणालो. सवय!

“मी का टोटल कराले सातले आली?”

ऑफिसर म्हणाला, “सर, चूक नाही. डिफॉल्ट आहे.” १९५७ सालच्या फोर्ट्रानपासून काही भाषा तक्ता उभा धरतात, ‘आर’ही त्यातलीच. ‘सी’ आणि तिच्या वळणावर गेलेल्या भाषा तो आडवा धरतात. एक शब्द जास्त लिहिला की ‘आर’सुद्धा आडवं भरते. तो शब्द आपण लिहिला नाही एवढंच. म्हणजे मावशींवर अन्याय कुणी केलाच नव्हता. न लिहिलेल्या शब्दानं केला होता. आता सांगा, याचा मेमो कुणाला द्यायचा?

यार्डाबाहेरचा संत्रेवाला आठवला. पाटीत फळं तीच. पण मोठी, पिवळीधमक वर, मऊ पडलेली खाली. मी एकदा हटकलं तर म्हणाला, “एकबी संत्रा बदलला का साहेब? फक्त लावला.” तेव्हा मी त्याला लबाड ठरवून मोकळा झालो होतो. त्याची निदान रचना जाणूनबुजून होती. मी तर न बघताच लावलं होतं, आणि वर टोटल दाखवत होतो.

बरं, दुरुस्ती करावी कशी? मावशींना पुढं घ्यावं तर पहिल्या टेबलावरचे त्यांच्या आधीचे चार काकाजी काठ्या सरसावून तयार. उरलेल्यांना आडवं लावावं तर जे आता टेबलाच्या डोक्यावर पोचलेत त्यांना मागं ढकलायचं. तेही बिचारे, त्यांनी कुठं मागितलं होतं? मी कागदावर दोन्ही तक्ते मांडले आणि एक गंमत दिसली. साठांपैकी दोघांचीच जागा दोन्हीत तीच राहते : पहिल्याची आणि साठाव्याची. उभं भरा, आडवं भरा, पहिला पहिलाच, शेवटचा शेवटचाच. उलथापालथ काय ती मधल्यांची. आम्हा मध्यमवर्गीयांना हे गणित निराळं शिकवावं लागत नाही.

शेवटी तक्ता भिंतीवरून काढला, शिपायाचा मूळ कागद घेतला आणि खुर्ची रिकामी होईल तसा नंबर पुकारू लागलो. साहेब म्हणाले, “मग कंप्युटर कशाला पाहिजे?” काकाजी लोक माझ्यावर ओरडले, मावशी दहा मिनिटांत गेल्या. आधी वाया गेलेला अर्धा तास मात्र मला कुठल्याच रकान्यात जमा करता आला नाही.

यंदा नोव्हेंबरात मावशी परत आल्या. सातलाच. दारातूनच विचारलं, “काहो बाबू, यंदा उभं का आडवं?”