एका दिवसाचा अतिथी

प्रवास करणाऱ्याचे परक्या भूमीशी कोणते नाते जडते, हा प्रश्न आपल्याकडे तीर्थयात्रेच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला गेला आहे. पर्यटनाच्या संदर्भात तो फारसा कोणी विचारीत नाही. पर्यटन ही मौज, आणि मौजेला नीतीचे प्रश्न कशाला विचारावयाचे, अशी समजूत त्यामागे असावी. परंतु बंगळूरसारख्या शहरातील मराठी मध्यमवर्गाच्या आयुष्यात भूमध्य समुद्रातील क्रूझ ही गोष्ट आता प्रवासवर्णनांच्या पानांतून निघून प्रत्यक्षात आली आहे. सरकारी कारखान्यांतून आणि संशोधनसंस्थांतून निवृत्त झालेली, मुले परदेशी असलेली माणसे बार्सिलोनाला किंवा रोमजवळच्या बंदरात जहाजावर चढतात आणि आठवडाभरात दोन-तीन देशांचे किनारे पाहून परततात. त्यातला एखादा दिवस फ्रान्सचा असतो. त्या एका दिवसाविषयी येथे विचार करावयाचा आहे.

त्या दिवसाची रचना मोठी बोधप्रद असते. सकाळी जहाज निसशेजारच्या व्हिलफ्रान्शच्या उपसागरात नांगर टाकते. धक्का मोठ्या जहाजांना पुरणारा नाही, म्हणून प्रवाशांना लहान नावांतून किनाऱ्यावर नेतात. तेथे दोन वाटा फुटतात. एक जहाजकंपनीच्या बसची : चाळीस-पन्नास माणसे, पुढे फलक उंचावून चालणारा मार्गदर्शक, मोजून दिलेला मोकळा वेळ. दुसरी खासगी सहलीची : आपली मोटार, आपला चालक, आपल्या मर्जीचा क्रम. निसचा किनारी रस्ता, डोंगरमाथ्यावरचे एझ गाव, वाटल्यास मोनॅको – जो फ्रान्स नव्हे, हे पुष्कळांना परत आल्यावरही ठाऊक नसते. ही दुसरी वाट महाग, आणि तिला एक अट जोडलेली. कंपनीच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबते. खासगी मोटारीसाठी ते थांबत नाही. ज्याने दिवसाचे स्वातंत्र्य विकत घेतले त्याचेच डोळे सारखे घड्याळाकडे लागलेले असतात.

अशा सहलीवर विचारी माणसे जो आक्षेप घेतात तो ठरलेला आहे : एका दिवसात काय दिसणार? हा आक्षेप मला फारसा बळकट वाटत नाही. आळंदीहून निघालेला वारकरी जवळजवळ तीन आठवडे चालतो आणि विठ्ठलाच्या पायाशी त्याला क्षणभरही उभे राहता येत नाही. ज्यांना गाभाऱ्यात शिरताच येत नाही ते नामदेवाच्या पायरीला हात लावून, कळस पाहून मागे फिरतात. त्यांचे दर्शन उथळ होते असे म्हणण्याचे धैर्य कोणास होणार नाही. अतिथी या शब्दाचे उदाहरण तर याहून सूचक आहे. मनुस्मृतीने अतिथीची जी व्याख्या केली तीत एक रात्र राहणारा तो अतिथी, कारण त्याची स्थिती नित्य नाही, असा अभिप्राय आहे. म्हणजे अल्पकाळ राहणे हे आपल्या परंपरेने अतिथीचे न्यून मानले नाही, त्याचे लक्षणच मानले. जो मुक्काम ठोकतो तो अतिथी उरत नाही. तो शेजारी होतो किंवा डोईजड होतो.

तेव्हा दोष असलाच तर तो दिवसाच्या लांबीत शोधू नये. माझ्या मते तो हिशेबाच्या वेळेत आहे. अतिथी येतो तेव्हा रिकाम्या हाताने येतो आणि जाताना ऋण घेऊन जातो. ते ऋण तो त्याच यजमानाला क्वचितच फेडतो, बहुधा आपल्या दाराशी आलेल्या तिसऱ्याच माणसाला फेडतो, आणि अशा फेडीवर एक मोठा अदृश्य व्यवहार चालत राहतो. ग्राहकाची गोष्ट वेगळी. त्याने महिनाभर आधी, बंगळुरातल्या आपल्या खोलीत बसून, कार्डाने पैसे भरलेले असतात. तो किनाऱ्यावर पाय ठेवतो तो सर्व ऋणांतून आगाऊ मुक्त होऊन. चालकाने नेमक्या किती वाजता यावे, कोणत्या वळणावर थांबावे, छायाचित्रासाठी किती मिनिटे द्यावीत, हे सारे त्याचे हक्क असतात. आणि हक्काच्या गोष्टीसाठी कृतज्ञ कोण होतो? ‘खासगी’ या शब्दाचाच प्रवास पाहावा. मराठेशाहीत राज्यकर्त्या घराण्याच्या स्वतंत्र मिळकतीला खासगी म्हणत. अहिल्याबाई होळकरांनी त्याच खासगीतून देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. काशी विश्वेश्वराच्या मंदिराचा १७८० मधील जीर्णोद्धार त्यांचाच. तेव्हाच्या खासगीने अनोळखी वाटसरूसाठी दार उघडले होते. आजच्या खासगी सहलीचा अर्थ दुसरा कोणी आत येऊ नये एवढाच.

इतके लिहून झाल्यावर थांबले पाहिजे, कारण या युक्तिवादात एक धोका दडलेला आहे. जुन्या आतिथ्याची ही स्तुती कोणाच्या तोंडी शोभते? ज्याच्यासाठी ती दारे उघडी होती त्याच्या. डॉ. आंबेडकरांनी आपल्या प्रवासातील अनुभव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवले आहेत. १९०१ साली सातारा जिल्ह्यात वडिलांकडे निघालेल्या लहान भीमरावाला आणि त्याच्याबरोबरच्या भाऊ-भाच्यांना मसूर स्थानकावर बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे देऊ केल्यावर गाडीवान तयार झाला तो गाडी मुलांनी हाकावी आणि आपण बरोबर पायी चालू या अटीवर. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळ पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावयास थांबले. प्रवेशाशी असलेल्या हौदावर हातपाय धुतले म्हणून पाणी बाटवल्याचा गलका झाला, आणि अखेर किल्ला पाहावयास मिळाला तो कोठेही पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर दिलेल्या शस्त्रधारी शिपायाच्या पहाऱ्यात. तीही एका दिवसाची सहलच होती. पाहुण्याचे कुळ न विचारणारे यजमान आपल्या परंपरेत किती होते, याचे उत्तर या दोन प्रसंगांत आहे. पैसा जात विचारीत नाही, हा पैशाचा सद्गुण आपण हसण्यावारी नेऊ नये. व्हिलफ्रान्शच्या धक्क्यावर नावाची पाटी घेऊन उभा असलेला चालक आलेल्या माणसाचे आडनाव केवळ नोंदीशी ताडून पाहतो. शतकानुशतके ज्यांना वेशीबाहेर थांबावे लागले त्यांच्या नातवंडांना ग्राहक होण्यात जी प्रतिष्ठा लाभते ती मला आतिथ्याच्या काव्याहून अधिक मोलाची वाटते.

म्हणून पैसे देणे सोडावे असे मी म्हणणार नाही. ते पुरते द्यावेत. प्रश्न त्यापुढचा आहे. पैसे चुकते केल्यावर काही देणे उरते काय?

मराठी वाचकाला या प्रश्नाचे उदाहरण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच सापडते. ८ जुलै १९१० रोजी सकाळी मार्सेलिसच्या बंदरात ‘मोरिया’ या जहाजाच्या गवाक्षातून विनायक दामोदर सावरकरांनी उडी घेतली, पोहत धक्का गाठला आणि ते धावू लागले. काही मिनिटांतच फ्रेंच सागरी पोलिसाने त्यांना धरले, आणि पाठलाग करीत आलेल्या पहारेकऱ्यांच्या मदतीने त्यांना परत जहाजावर नेण्यात आले. सावरकरांच्या पुढील राजकारणाविषयी मतभेद आहेत आणि राहतील. येथे विचार त्या काही मिनिटांचा आहे. एवढ्या अल्पकाळ पाय टेकलेल्या माणसाचा त्या भूमीवर काही अधिकार निर्माण होतो काय, आणि त्या भूमीवर त्याच्याविषयी काही कर्तव्य येऊन पडते काय? फ्रान्समधील काही माणसांना ते पडते असे वाटले. कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँग्वे यांनी ‘ल्युमानिते’ या समाजवादी दैनिकातून हा प्रश्न लावून धरला. आश्रयाचा हक्क डावलला गेला आहे, तेव्हा त्या कैद्याला परत मागा, असे फ्रेंच सरकारला त्याच्याच नागरिकांनी सांगितले. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी निर्णय दिला : अटकेत व हस्तांतरणात अनियमितता झाली खरी, परंतु त्यामुळे कैद्याला परत देण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही. त्याच वर्षीच्या जुलैत सावरकर अंदमानात पोहोचले.

कायद्याच्या दृष्टीने तो दावा फेटाळला गेला. पण एका परक्या, भाषा न जाणणाऱ्या, ओलेत्या माणसाच्या काही मिनिटांच्या पावलांमुळे आपल्यावर काही जबाबदारी आली असे मानणारी माणसे त्या किनाऱ्यावर होती, ही गोष्ट निकालाने पुसली जात नाही. आज मार्सेलिसला उतरणारी मराठी मंडळी खासगी मोटार करून चालकास पहिली आज्ञा देतात ती ‘उडीची जागा’ दाखविण्याची. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी मार्सेलिसला भेट देऊन सावरकरांचे स्मरण केले, तेथे भारताचा वाणिज्य दूतावासही सुरू झाला. त्यानंतर ही उत्सुकता वाढली तर नवल नाही. ही उत्सुकता निखळ असते, तिच्यात श्रद्धा असते. तरीही आपली मंडळी तेथे जाऊन आपलीच गोष्ट पाहून येतात. लाँग्वेंचे नाव त्यांतील कितीजणांना ठाऊक असेल? त्याच शहरात माझार्ग येथे युद्धदफनभूमी आहे. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या शरद ऋतूत भारतीय पलटणी याच बंदरात उतरल्या, आणि त्यांतील जे परतले नाहीत त्यांच्यापैकी कित्येकांची नोंद तेथे आहे. उडीच्या जागेपासून ती मोटारीच्या टप्प्यात आहे. चालकाला विचारले असते तर त्याने नेले असते. ‘दिवस आपला’ होता. पण विचारावयाचे तर आधी ऐकावयाची तयारी लागते, आणि ती ठरवून दिलेल्या यादीत मावत नाही.

असेच काही मला बंगळुराहून होणाऱ्या एका सहलीतही दिसत आले आहे. महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना श्रवणबेळगोळ पाहावयाचे असते. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. पहाटे निघाले की भाड्याच्या मोटारीने दिवसात जाऊन येता येते. सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढून, धापा टाकीत मंडळी गोमटेश्वरासमोर पोहोचतात, सत्तावन्न फुटी शांत मूर्तीकडे एकवार वर पाहतात आणि लगेच तिच्या पायाशी वाकून शोधू लागतात : आपली ओळ कोठे आहे? चावुंडराजाने हे करविले, अशा अर्थाचे ते मराठीतील छोटे वाक्य. मराठीचा आद्य शिलालेख तो की अक्षीचा, या वादात मी येथे शिरत नाही. ओळ सापडली की समाधान होते, तिच्यासह छायाचित्र घेतले जाते. मात्र तेच वाक्य तेथेच कन्नडमध्ये कोरलेले आहे आणि तमिळमध्येही, हे सांगितले तर ‘असं का?’ एवढाच उद्गार निघतो. ज्या शिल्पकारांनी किंवा कारभाऱ्यांनी एकच गोष्ट तीन भाषांत कोरविली त्यांच्या डोळ्यांपुढे तीन भाषांचे यात्रेकरू असणार. आपण तिघांपैकी एक आहोत, हे त्या दगडाने सांगून ठेवले आहे. आपण मात्र त्यातले एक वाक्य वाचून उतरू लागतो, कारण चालकाने चारला निघावयास सांगितलेले असते.

यजमानही आता मोजू लागले आहेत. कान शहराच्या नगरपरिषदेने २०२५ मध्ये ठरविले की १ जानेवारी २०२६ पासून हजारांहून अधिक प्रवाशांच्या जहाजांना त्यांच्या बंदरात प्रवेश नाही, आणि एका दिवसात उतरणाऱ्यांच्या संख्येवर सहा हजारांची मर्यादा. याला कोणी उद्दामपणा म्हणेल. मला तो ग्राहकाला दिलेला सरळ जबाब वाटतो. तुम्ही सर्व हिशेब आधीच पुरा करून आलात, तेव्हा आम्हीही हिशेबानेच बोलू, असे ते शहर म्हणते आहे.

आणि हा प्रश्न केवळ समुद्राकाठचा आहे असेही समजू नये. बंगळुरात तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे काढलेली मराठी घरे मी पाहिली आहेत. भाडे वेळेवर दिले, पुढे घर बांधले, कर भरले, मोलकरणीला दिवाळीला चार पैसे जास्त दिले. कोणाचे काही देणे राहिले नाही. फक्त कन्नड अक्षरे ओळखावयाची राहून गेली, आणि रस्त्यावरची पाटी वाचून सांगण्यासाठी नातवाला हाक मारावी लागते. या माणसांना परके म्हणावे तर त्यांच्या आधीची एक वस्तीही येथेच होऊन गेली. सतराव्या शतकात शहाजीराजांनी बंगळुरात संसार मांडला. त्यांच्या पदरी आलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. राजवाड्यांनी तो संपादून प्रसिद्ध केला तेव्हा अभ्यासकांचे लक्ष गेले ते त्यातील भाषांकडे. संस्कृताचा हा पंडित आपणास बारा भाषा येतात असे सांगत होता, आणि दरबारातील वेगवेगळ्या भाषांच्या माणसांपुढे त्या त्या भाषेत कवने करून दाखवीत होता. त्या बारांमध्ये कानडी होती. जयरामही पोटासाठीच आला होता, त्यालाही बिदागी मिळत असणार. ती घेऊन तो गप्प बसला असता तरी कोणी त्यास बोल लावला नसता.