फाशांवाचून पट

जयपूरच्या परकोटाबाहेर, फाळणीनंतर मुलतान आणि पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी ज्या वसाहतींना आकार दिला, त्यांपैकी आदर्श नगर ही एक. तेथील एका दुमजली घराच्या गच्चीवर, बुद्धिबळाच्या इतिहासाचे वेड असलेली आम्ही चार माणसे दर कोजागरीस आटीव दुधाच्या पातेल्याभोवती बसत आलो आहोत. यजमानांचे घराणे मुलतानचे. दुसरे गृहस्थ शास्त्रीजी, संस्कृतचे निवृत्त अध्यापक, ज्यांचे पूर्वज काही पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून ढुंढाडात आले आणि ज्यांच्या घरी अजून मराठी बोलली जाते. तिसरा एक बंगाली तरुण, व्यवसायाने अभियंता. आणि चौथा मी, नोकरीच्या निमित्ताने या शहरात आलेला आणि येथेच राहिलेला. मध्ये पट मांडलेला असतो, पण आम्ही आपसांत क्वचितच खेळतो. जुना एखादा डाव वहीतून वाचावा, त्यातील एक चाल पटावर मांडावी, पुढची चाल तळहाताखाली झाकून ठेवावी, आणि ती काय असावी याचा विचार प्रत्येकाने स्वतंत्रपणे करून झाल्यावरच हात उचलावा, असा आमचा परिपाठ आहे.

गेल्या कोजागरीस त्या बंगाली तरुणाने जो प्रश्न काढला, तो तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. सोळाव्या शतकातील बंगालचे धर्मशास्त्रकार रघुनंदन यांच्या ‘तिथितत्त्व’ या निबंधात कोजागरीच्या जागरणाचा विधी सांगताना चतुरंगाचे वर्णन आले आहे. त्या रात्री लक्ष्मी पृथ्वीवर हिंडते, कोण जागे आहे असे विचारते, आणि जो अक्षक्रीडेत जागा आहे त्याला वित्त देते, ही श्रद्धा आपल्याही परिचयाची. पण रघुनंदनांच्या ग्रंथात त्या खेळाची रीत सांगणारे आहेत व्यास, आणि ती विचारणारा आहे युधिष्ठिर. तरुणाने एवढेच विचारले, “शास्त्रीजी, ज्याने फाशांवर राज्य, भाऊ, स्वतःचा देह आणि पत्नी घालवली, त्याच्याच तोंडी हा प्रश्न का घातला असेल?”

तो खेळ कसा होता, हे वाचकाला थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण प्रश्नाचे मर्म त्या रचनेत आहे. पट आठ गुणिले आठ घरांचाच. पण राजे चार: पूर्वेस तांबडा, दक्षिणेस हिरवा, पश्चिमेस पिवळा, उत्तरेस काळा. प्रत्येकाजवळ एक हत्ती, एक घोडा, एक नौका आणि चार प्यादी. फासा टाकायचा, पाच पडले तर प्यादे किंवा राजा हलवायचा, चार पडले तर हत्ती, तीन पडले तर घोडा, दोन पडले तर नौका. म्हणजे कोणते मोहरे हलेल हे दान ठरवी आणि ते कोठे जाईल हे खेळणारा ठरवी. समोरासमोरचे दोन राजे परस्परांचे मित्र. परंतु मित्राच्या आसनावर आपला राजा नेऊन बसवला तर त्याचे सैन्यही आपल्या हुकमतीत येई, आणि हा पराक्रमच गणला जाई. दुसऱ्या राजाचे आसन काबीज करण्याला त्या ग्रंथात ‘सिंहासन’ अशी संज्ञा आहे, तर चारही राज्ये एकाच्या हाती आली की ‘चतुराजी’.

या वर्णनाने युरोपीय पंडितांत शंभर वर्षे वाद माजवला. सर विल्यम जोन्स यांनी 1790 साली ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये त्याचा परिचय करून दिला, पुढे 1860 साली डंकन फोर्ब्स यांनी हा चौघांचा खेळच मूळ असून तो पाच हजार वर्षांचा जुना आहे असा सिद्धांत मांडला, आणि त्यानंतर फान डेर लिंडे, वेबर व अखेरीस 1913 च्या आपल्या बृहद्ग्रंथात मरे यांनी तो सिद्धांत पुराव्यानिशी खोडून काढला. दोघांचा खेळ आधी आणि चौघांचा नंतर, हे मरे यांचे मत मलाही ग्राह्य वाटते. पण मग आमच्या तरुणाचा प्रश्न अधिकच बिकट होतो. फाशांवाचून खेळता येत असताना, कोणी तरी जाणूनबुजून त्या पटावर फासे परत आणले, आणि त्यावर व्यासांच्या नावाची मोहर उठवली.

शास्त्रीजींनी उत्तर दिले नाही. ते घरात गेले आणि नीलकंठ भट्टांचा ‘नीतिमयूख’ घेऊन आले. हे नीलकंठ भट्ट काशीचे, परंतु घराणे पैठणचे. ज्या नारायण भट्टांचे नाव काशीविश्वेश्वराच्या सोळाव्या शतकातील पुनरुभारणीशी जोडलेले आहे, त्यांचे हे नातू. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात भगवंतदेव नावाच्या राजाच्या आश्रयाने त्यांनी ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा धर्मनिबंध रचला. त्यातील ‘व्यवहारमयूख’ इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत वारसा आणि दत्तकाच्या दाव्यांत प्रमाण म्हणून उद्धृत होत असे, आणि महामहोपाध्याय काणे यांनी तो संपादून प्रसिद्ध केला, हे कायद्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्याच निबंधाच्या पाचव्या, म्हणजे राजनीतीच्या, मयूखात दोघांच्या बुद्धिबळाचे वर्णन आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. दोघेही धर्मशास्त्रकार, दोघांनाही हा खेळ धर्मनिबंधात नोंदण्याजोगा वाटला. परंतु वंगीय निबंधकाराने तो तिथीच्या प्रकरणात घातला आणि पैठणच्या वंशातील निबंधकाराने राजनीतीच्या. एकाकडे तो पंचांगाचा भाग, वर्षातून एका रात्री दैवापुढे हात जोडण्याचा उपचार. दुसऱ्याकडे तो राजाच्या शिक्षणाचा भाग. आपल्या भाषेने तर या वादात उघड बाजूच घेतली आहे: ‘चतुरंग’ला अरबी उच्चाराने ‘शतरंज’चे रूप आले आणि उत्तरेने तेच स्वीकारले, तर मराठीने शह, मात, वजीर, प्यादे हे सारे दरबारी शब्द ठेवून घेतले, पण खेळाला नाव दिले ते ‘बुद्धिबळ’.

येथे धर्माचा प्रश्न उभा राहतो. मनूने द्यूत आणि समाह्वय, म्हणजे निर्जीव साधनांनी व सजीव प्राण्यांनी खेळलेला जुगार, दोन्ही राज्यातून हद्दपार करावेत असे म्हटले. याज्ञवल्क्य आणि नारद यांनी ते राजाच्या देखरेखीखाली चालू देण्याची तजवीज केली. पण या सर्व निर्बंधांचा रोख पैशावर आहे, असे मानले तर कोजागरीचे विधिवत् द्यूत उलगडत नाही. माझी समजूत अशी आहे की शास्त्रकारांना फाशाचे भय होते ते त्याहून खोल कारणासाठी. फासा टाकणारा मनुष्य आपल्या कृतीचे फळ स्वतःच्या हातून काढून घेऊन एका हाडाच्या तुकड्याच्या स्वाधीन करतो, आणि मग जे घडेल त्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. द्यूतसभेत द्रौपदीने जो प्रश्न विचारला आणि ज्याला भीष्मांनाही निश्चित उत्तर देता आले नाही, तो मुळात याच जातीचा होता. फाशांवाचूनच्या पटावर असा प्रश्न उद्भवतच नाही. तेथे हरणाऱ्याला कोणाकडे बोट दाखवता येत नाही.

इस्लामी जगातही हा विचार पोचला होता. दहाव्या शतकातील इतिहासकार मसूदी याने एका विचारवंताचे मत नोंदले आहे, की बुद्धिबळ निर्माण करणारा इच्छास्वातंत्र्य मानणाऱ्या मुतझिला पंथाचा असावा आणि फाशांचा नर्द निर्माण करणारा दैववादी. जयपुरात हे विशेष आठवते. 1727 साली सवाई जयसिंहांनी वसवलेल्या या नगराच्या मुख्य चौकांची नावेच बडी चौपड आणि छोटी चौपड अशी, म्हणजे फाशांच्या खेळाच्या पटावरून आलेली आहेत. आणि त्याच राजाच्या पदरी, युक्लिडचे ‘रेखागणित’ संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते, ज्यांच्या विद्येत दानाला कोठेच स्थान नव्हते. एका अंगाला चौपड, एका अंगाला जयसिंहांची वेधशाळा, अशा या शहरात दैव आणि पुरुषकार यांचा वाद करण्यास दुसरे दालन शोधावे लागत नाही.

तरीही फासे गेले म्हणजे दैव गेले, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. माझ्या आजोबांनी मला जो खेळ शिकवला तो देशी पद्धतीचा होता. त्यात प्यादे एका वेळी एकच घर चाले. शह लागण्यापूर्वी राजाला एकवार घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. आणि प्यादे शेवटच्या पट्टीस पोचले की ते ज्या घरी पोचले त्या घरच्या मोहऱ्याचे पद त्याला मिळे, हत्तीच्या घरी हत्ती, घोड्याच्या घरी घोडा. पाश्चात्त्य नियमात खेळणारा मनास येईल ते मोहरे मागतो, आणि बहुधा वजीरच मागतो. देशी खेळात प्याद्याच्या कपाळी काय लिहिले आहे हे त्याच्या उभ्या ओळीनेच बहुतांशी ठरलेले असे. ते बदलावयाचे तर वाटेत कोणाला तरी मारून तिरपे सरकावे लागे. आजोबा हे शिकवताना प्रारब्धाचा शब्दही काढत नसत, परंतु संचित, क्रियमाण आणि प्रारब्ध यांचा भेद मला जर कोठे प्रथम उमगला असेल तर तो त्या पटावर. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगून दैवाला पाचवे स्थान दिले आहे: अधिष्ठान, कर्ता, करण आणि चेष्टा यांच्यानंतरचे. आजोबांच्या पटावर दैवाला तेवढेच स्थान होते, नाहीसे ते केलेले नव्हते.

आणि समोर बसलेला मनुष्य? त्याची चाल माझ्या हातात नसते, मला आधी कळत नसते, आणि ती घडली की माझ्यावर अपरिहार्यपणे येऊन कोसळते. दैवाची लक्षणे याहून वेगळी काय आहेत? मी ज्याला माझे दैव म्हणतो ते त्याचे स्वातंत्र्य आहे, आणि माझे स्वातंत्र्य त्याला दैवासारखे दिसते. फासा काढून घेतला तेव्हा पटावरून दैव हद्दपार झाले नाही. ते एका माणसाच्या चेहऱ्याने समोर येऊन बसले, ज्याच्याशी बोलता येते आणि ज्याचा डाव संपल्यावर हात हातात घेता येतो. युधिष्ठिराला जर काही शिकायचे असेल तर ते हेच, असे मी त्या रात्री म्हणालो. शास्त्रीजींनी मान डोलावली, तरुण मात्र म्हणाला, “पण मग व्यासांनी त्याच्या हाती फासा परत का दिला?” त्यावर माझे उत्तर असे, की ज्याचा फाशाने सर्वनाश केला त्याला आता दान पडल्यावरही विचार करण्याची जागा उरते हे दाखवायचे होते; द्यूतसभेतल्या फाशाने ती जागा ठेवली नव्हती.

यजमानांनी मग सुलतान खान यांचा डाव काढला. पंजाबातील मीठा टिवाण्याचा हा खेळाडू, देशी पद्धतीवर वाढलेला. 1929 साली सर उमर हयात खान यांच्याबरोबर विलायतेस गेला, त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, 1932 आणि 1933 साली पुन्हा जिंकले, आणि 1930-31 च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. 1933 च्या अखेरीस तो परतला, आणि 1966 साली सरगोध्यास वारला. जागतिक संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते 2024 साली. त्याची कहाणी बहुधा अशी सांगितली जाते की एक निरक्षर सेवक, धन्याच्या मर्जीने उजेडात आला आणि धन्याच्या मर्जीनेच अंधारात गेला. या चित्राला अलीकडे त्याच्या वंशजांनीच जाहीर हरकत घेतली आहे. यजमान म्हणाले, “आमचे वडीलही मुलतानहून निघाले ते नशिबाने निघाले असे लोक सांगतात. नशिबाने नाही, त्या रात्री त्यांनी ठरवले, आणि त्यांना दुसरेही काही ठरवता आले असते.”

इतिहासाच्या अभ्यासकाकडून हाच अन्याय नकळत घडतो. शेवट ठाऊक असल्यामुळे मधली प्रत्येक चाल अटळ वाटू लागते. मेलेल्या माणसाचे स्वातंत्र्य आपण प्रारब्धाच्या दफ्तरात दाखल करून मोकळे होतो. वहीवरचा तळहात आम्ही म्हणूनच उचलत नाही, जोवर प्रत्येकाने स्वतःची चाल शोधलेली नाही. त्या रात्री आमच्यापैकी तिघांनी कापाब्लांकाच्या बाजूने तीन वेगळ्या चाली सुचवल्या, आणि त्यांपैकी एकही त्याने प्रत्यक्षात खेळली नव्हती.

पण तळहाताखाली झाकायला आधी वहीत नोंद हवी. औरंगाबादच्या हरिकृष्ण ज्योतिर्विदांनी 1871 साली ‘क्रीडाकौशल्य’ लिहिले म्हणून त्या काळच्या खेळांची काही नोंद उरली. पेशवाईच्या अखेरीस त्रिवेंगडाचार्य शास्त्रींनी संस्कृतात जे लिहिले ते 1814 साली मुंबईस इंग्रजीत छापले गेले म्हणून ते उरले. परंतु विदर्भापासून कोकणापर्यंत ओसरीवर, वाड्याच्या सोप्यात, देवळाच्या पारावर जो देशी डाव शतकानुशतके चालला, त्याचे गावोगावचे नियम, त्याची मांडणी, त्याचे शब्द लिहून ठेवण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही, आणि ज्यांना ते आठवतात ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे कोणी असेल त्यांनी येत्या कोजागरीस त्यांच्यासमोर पट मांडावा, प्यादे कसे चालत असे आणि शेवटच्या घरी पोचून काय होत असे ते त्यांना विचारावे, आणि जे सांगितले जाईल ते तारीख व गावाच्या नावासह वहीत उतरवून घ्यावे.